महापौर जोसेफ चेंबरलेन आणि बर्मिंगहॅमचे नागरी शुभवर्तमान

जोसेफ चेंबरलेन हे नाव इतिहासाच्या वाचकांना बहुधा ब्रिटिश साम्राज्याचे वसाहतमंत्री म्हणून ठाऊक असते. कोणाला बोअर युद्ध आठवते, तर कोणाला १९३८ मध्ये म्युनिकचा करार करणारे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांचे वडील एवढीच त्यांची ओळख असते. परंतु त्यांच्या जवळजवळ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातला एक अडीच वर्षांचा काळ असा आहे की, ज्याचा लाभ सामान्य माणसांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिला. नोव्हेंबर १८७३ ते जून १८७६ या काळात ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहराचे महापौर होते. या अल्पावधीत शहराचा गॅसपुरवठा व पाणीपुरवठा नगरपालिकेच्या हाती आला आणि मध्यवस्तीतील रोगट वाड्या हटवण्याची योजना मंजूर झाली.

या कामाची प्रेरणा राजकीय पक्षाच्या कचेरीत जन्मलेली नव्हती. ती त्या शहरातील काही उपदेशपीठांवरून आली. गटारे, नळ, वाचनालये आणि शाळा हा देवाच्या सेवेचाच भाग आहे, असे तेथील काही पाळक एका पिढीभर सांगत होते. त्यांच्या या शिकवणुकीस पुढे नागरी शुभवर्तमान असे नाव मिळाले. म्हणून हे चरित्र ख्रिस्ती वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे. त्यात अनुकरणीय असे पुष्कळ आहे, आणि अंतर्मुख करणारेही बरेच आहे.

बालपण आणि धर्मसंस्कार

जोसेफ चेंबरलेन यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनच्या कँबरवेल भागात झाला. वडिलांचा जोडे तयार करण्याचा पिढीजात व्यवसाय होता आणि तो चांगला चालत असे. घराणे युनिटेरियन, म्हणजे एकेश्वरवादी पंथाचे होते. हा पंथ त्रैक्याचे तत्त्व मानत नाही, आणि येशू ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्याची भूमिका आपणा बहुतेकांच्या मंडळ्यांना मान्य होण्यासारखी नाही. मात्र विवेकाचे स्वातंत्र्य, शिक्षण आणि समाजसेवा यांवर या लोकांचा मोठा भर असे. महाराष्ट्रालाही हा पंथ अगदी अपरिचित नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी गेले, ते याच पंथाच्या साहाय्याने.

त्रैक्य नाकारणे हा इंग्लंडच्या कायद्याने १८१३ पर्यंत गुन्हा होता. प्रस्थापित मंडळीबाहेरच्या लोकांना जुन्या विद्यापीठांची दारेही दीर्घकाळ बंद होती. आपण मोजक्या लोकांचा समाज आहोत, राज्यकर्त्यांच्या मंडळीबाहेरचे आहोत, ही जाणीव जोसेफला लहानपणापासून होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज स्कूलमध्ये तो हुशार विद्यार्थी म्हणून गाजला. परंतु सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि तो वडिलांच्या व्यवसायात रुजू झाला.

१८५४ मध्ये त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. नेटलफोल्ड नावाच्या नात्यातील कारखानदाराने लाकडात बसवायचे टोकदार स्क्रू यंत्राने तयार करण्याची अमेरिकन पद्धत विकत घेतली होती. त्या उद्योगात जोसेफच्या वडिलांनी भांडवल घातले आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी अठरा वर्षांच्या मुलाला बर्मिंगहॅमला धाडले. हिशेब, विक्री आणि व्यवहार यांत तो इतका निपुण निघाला की, काही वर्षांतच हा कारखाना इंग्लंडमधील स्क्रूच्या व्यापारात अग्रेसर ठरला. नेटलफोल्ड या छापाचे स्क्रू पुढे भारतातील सुतारांच्या पेटीतही पोहोचले.

कारखान्यातील कामाबरोबरच चेंबरलेन आपल्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत शिकवत आणि कामगारांसाठी चालणाऱ्या रात्रीच्या वर्गांवर जात. १८६१ मध्ये त्यांचा विवाह हॅरिएट केन्रिक यांच्याशी झाला. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, दुसऱ्या बाळंतपणात हॅरिएट वारल्या. बीट्रिस आणि ऑस्टिन ही दोन मुले मागे राहिली. १८६८ मध्ये त्यांनी हॅरिएट यांची चुलत बहीण फ्लॉरेन्स केन्रिक यांच्याशी विवाह केला.

त्या काळचे बर्मिंगहॅम

१८७१ च्या जनगणनेत बर्मिंगहॅमची लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांहून अधिक होती. बंदुका, बटणे, लेखणीच्या निबा, पितळी भांडी, दागिने अशा शेकडो वस्तू तेथे तयार होत. नगरपालिका १८३८ मध्ये स्थापन झाली होती. पण कित्येक वर्षे तिचा कारभार काटकसरवाल्यांच्या हाती राहिला. घरपट्टी वाढू द्यायची नाही, हेच त्यांचे धोरण. १८५० नंतरच्या काळात या गटाचे सभासद वुडमन नावाच्या मद्यगृहात बसून नगरपालिकेचे निर्णय ठरवत, आणि सभागृहात त्यांवर केवळ शिक्कामोर्तब होई. रस्ते आणि गटारे यांवरील खर्च त्यांनी कमी केला.

या काटकसरीची किंमत गरिबांनी मोजली. पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या ओळी, त्यांच्या मधोमध एक अरुंद चौक, त्या चौकात अनेक कुटुंबांना मिळून एक संडास आणि एक पंप किंवा विहीर, अशी कामगारांच्या वाड्यांची रचना असे. संडासाच्या खड्ड्यातील घाण जमिनीत झिरपून विहिरीत उतरे. नळाचे पाणी पुरवणारी खाजगी कंपनी होती. परंतु तिचे पाणी सर्व वस्त्यांना मिळत नसे, आणि मिळे तेथेही ते आठवड्याचे सातही दिवस येत नसे. त्यामुळे हजारो कुटुंबे दूषित विहिरींवरच अवलंबून होती. गॅसचे दिवे पुरवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या. एकीने रस्ता खोदून बुजवला की दुसरी तोच रस्ता पुन्हा खोदत असे. आपल्याकडील शहरांत राहणाऱ्या वाचकांना हे चित्र नवे वाटणार नाही.

उपदेशपीठावरून नगरसभेत

अशा शहरात १८४४ मध्ये जॉर्ज डॉसन नावाचे तेवीस वर्षांचे तरुण उपदेशक एका बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक म्हणून आले. त्यांचे विचार त्या मंडळीच्या चौकटीत मावले नाहीत. त्यांच्या अनुयायांनी १८४७ मध्ये त्यांच्यासाठी 'तारणाऱ्याचे मंदिर' या अर्थाच्या नावाची स्वतंत्र प्रार्थनागृहाची इमारत उभी केली. सिद्धान्तांच्या बाबतीत डॉसन मोकळे होते. इतके की अनेकांना ते पटत नसे. परंतु त्यांची एक शिकवण शहराच्या मनात रुजली. शहर म्हणजे घरांची आणि दुकानांची गर्दी नसून, सर्वांचे मिळून कल्याण साधण्यासाठी देवाने दिलेले ते एक साधन आहे, असे ते मांडत. नगरपालिकेने चालवलेले मोफत वाचनालय त्यांना या शिकवणुकीचे उत्तम उदाहरण वाटे, आणि ते व्हावे म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. त्यांच्या मंडळीतील अनेक सभासद पुढे नगरसभेत निवडून गेले.

डॉसन यांच्यापेक्षा सिद्धान्ताच्या दृष्टीने आपल्याला अधिक जवळचे वाटतील ते रॉबर्ट विल्यम डेल. कार्स लेन येथील काँग्रिगेशनल मंडळीचे ते पाळक होते. ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताविषयी त्यांनी दिलेली व्याख्याने १८७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि तो ग्रंथ ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे अभ्यासला. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकन सुवार्तिक मूडी आणि गायक सँकी यांच्या सभा बर्मिंगहॅममध्ये झाल्या, तेव्हा डेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वधस्तंभावरील प्रायश्चित्ताची शिकवण देणारे हेच पाळक आपल्या मंडळीला सांगत की, मतदानाच्या दिवशी घरी बसणे हे कर्तव्यच्युती आहे, आणि ज्याच्या अंगी कारभाराचे गुण आहेत त्याने नगरसभेत जाऊन ते देवासाठी वापरले पाहिजेत. ते स्वतः १८७० मध्ये शहराच्या पहिल्या शालेय मंडळावर निवडून आले. तारणाचा विषय आणि गटारांचा विषय या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही.

चेंबरलेन ज्या युनिटेरियन मंडळीचे सभासद होते तिचे पाळक हेन्री क्रॉस्की हेही १८६९ पासून याच विचाराचा प्रसार करत होते. शहरातील क्वेकर मंडळींचाही या चळवळीत मोठा वाटा होता. सिद्धान्तांत एकमेकांपासून दूर असलेले हे लोक शहराच्या हितासाठी एका टेबलाभोवती बसू शकले.

१८६९ मध्ये सर्व मुलांना शिक्षण मिळावे यासाठी बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रीय शिक्षण संघाची स्थापना झाली आणि चेंबरलेन त्याच्या आघाडीवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेंट पॉल प्रभागातून ते नगरसभेवर निवडून गेले. पुढे शालेय मंडळावरही त्यांची निवड झाली आणि १८७३ मध्ये ते त्याचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास त्यांना महापौरपदाचा मान मिळाला. पुढच्या वर्षी आपला व्यवसायातील हिस्सा विकून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी सारा वेळ सार्वजनिक कामाला दिला.

गॅस, पाणी आणि वस्ती

चेंबरलेन यांनी प्रथम गॅसचा प्रश्न हाती घेतला. दोन्ही कंपन्या नगरपालिकेने विकत घ्याव्यात असा प्रस्ताव त्यांनी जानेवारी १८७४ मध्ये मांडला. खरेदीची किंमत सुमारे २० लाख पौंड होती, आणि शहरावर आधीच कर्ज होते. कर्जबाजारी नगरपालिकेने आणखी कर्ज काढावे, ही कल्पना अनेकांना धाडसाची वाटली. चेंबरलेन यांनी व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने हिशेब मांडून दाखवला. दोन कंपन्यांची दुहेरी यंत्रणा गेली की खर्च घटेल, दर उतरवता येईल, आणि तरीही नफा उरेल; तो नफा भागधारकांच्या खिशात न जाता शहराच्या कामी येईल. नगरसभेने प्रचंड बहुमताने प्रस्ताव मान्य केला, १८७५ मध्ये संसदेचा कायदा झाला, आणि पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार पौंडांचा नफा झाला.

पाण्याच्या बाबतीत त्यांनी वेगळा नियम लावला. जलकंपनी विकत घेण्यासाठी सुमारे साडेतेरा लाख पौंड लागले आणि १८७६ च्या आरंभी ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. गॅसवर नफा घेण्यास हरकत नाही, पण पाण्यावर नफा घेणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. दिव्यावाचून माणूस राहू शकतो, पाण्यावाचून राहू शकत नाही. म्हणून पाण्याच्या विभागात शिल्लक राहील ती दर कमी करण्यासाठी आणि पुरवठा वाढवण्यासाठी वापरावी, असे त्यांनी ठरवून दिले. दूषित विहिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या.

या दोन कामांच्या दरम्यान त्यांच्यावर घोर आघात झाला. फेब्रुवारी १८७५ मध्ये फ्लॉरेन्स बाळंतपणात वारल्या आणि नवजात बाळही गेले. बारा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा तेच दुःख त्यांच्या वाट्याला आले. आता घरात सहा पोरकी मुले होती. त्याच वर्षी त्यांची आईही निवर्तली. सार्वजनिक कामातून निवृत्त व्हावे असे त्यांच्या मनात आले. परंतु सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे ते पदावर राहिले आणि दुःख विसरण्यासाठी अधिकच कामाला लागले. मात्र आतून काहीतरी तुटले. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या या माणसाची वैयक्तिक श्रद्धा या आघातानंतर टिकली नाही. त्यांनी उपासनेला जाणे सोडले आणि मुलांवरही तसे बंधन ठेवले नाही. शहराला शुद्ध पाणी देण्याची खटपट चालू असताना त्यांचा स्वतःचा झरा आटला होता.

तिसरे काम वस्तीसुधारणेचे. १८७५ मध्ये संसदेने कामगारांच्या निवासांविषयीचा कायदा केला आणि रोगट वस्त्या ताब्यात घेऊन पाडण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. चेंबरलेन यांनी लगेच त्याचा उपयोग केला. शहराच्या मध्यभागी असलेला नव्वद एकरांहून अधिक परिसर योजनेत घेतला गेला. समितीचे अध्यक्ष विल्यम व्हाइट हे क्वेकर सद्गृहस्थ प्रौढांच्या रविवारच्या वर्गाचे जुने शिक्षक होते. वाड्यांतील ओल, दुर्गंधी आणि बालमृत्यू यांचे वर्णन त्यांनी नगरसभेपुढे केले, तेव्हा अनेक सभासदांना आपल्याच शहराची नवी ओळख झाली.

याच वर्षांत नगरसभेच्या भव्य इमारतीची कोनशिला १७ जून १८७४ रोजी चेंबरलेन यांच्या हस्ते बसवली गेली. नगरपालिका म्हणजे मद्यगृहातील कंपू नव्हे, नागरिकांनी अभिमान बाळगावा अशी ती संस्था आहे, हे त्यांना दगडविटांतूनही दाखवायचे होते. जून १८७६ मध्ये ते संसदेवर निवडून गेले आणि महापौरपदावरून उतरले.

कामाचे फळ आणि त्यातील उणीव

वस्तीसुधारणेच्या योजनेतून १८७८ नंतर कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद, देखणा राजमार्ग तयार झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आणि कचेऱ्या आल्या. जमिनी ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या असल्यामुळे त्या अखेरीस शहराकडेच परत येणार होत्या, ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी होती. परंतु ज्यांच्या वाड्या पाडल्या गेल्या त्या कामगारांसाठी घरे कोठे होती? ती नगरपालिकेने बांधली नाहीत. खाजगी बांधकाम करणारे लोक ती बांधतील, अशी अपेक्षा धरली गेली. प्रत्यक्षात विस्थापित कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तेथे गर्दी वाढली. नगरपालिकेने स्वतः बांधलेली पहिली २२ घरे रायडर स्ट्रीटवर उभी राहिली ती १८९० मध्ये, म्हणजे योजना मंजूर झाल्यावर सुमारे पंधरा वर्षांनी. गरिबांच्या नावाने मिळवलेल्या अधिकाराचा पहिला लाभ दुकानदारांना झाला, हे त्या काळीही टीकाकारांनी बोलून दाखवले होते, आणि ती टीका खोटी नव्हती.

पाण्याच्या बाबतीतही पुढे असाच प्रसंग आला. वाढत्या शहराला जवळचे पाणी पुरेना, तेव्हा १८९२ च्या कायद्याने वेल्समधील एलान नदीच्या खोऱ्यात धरणे बांधण्याची परवानगी मिळाली. तेथून सुमारे ११८ किलोमीटरचा जलमार्ग बांधला गेला आणि १९०४ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांनी त्याचे उद्‌घाटन केले. उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत वाहत येते, ही त्यातील करामत. परंतु त्या खोऱ्यातील सुमारे शंभर माणसांना घरे सोडावी लागली, आणि नुकसानभरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. तेथील जुने चर्चही पाण्याखाली गेले. एका शहराची तहान भागवताना दुसऱ्या कोणाची चूल विझते काय, हा प्रश्न धरणांच्या या देशात आपणही विसरू शकत नाही.

असे असले तरी झालेले काम लहान नव्हे. गॅसच्या नफ्यातून १८८५ मध्ये कलासंग्रहालय उभे राहिले. तळमजल्यावर गॅस विभागाची कचेरी आणि वर चित्रांची दालने, अशी त्याची रचना होती. १८७९ मध्ये वाचनालय आगीत जळाले, तेव्हा शहराने तीन वर्षांत ते पुन्हा उघडले. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमला अधिकृतपणे शहराचा दर्जा मिळाला. इतर नगरपालिकांचे अधिकारी हा कारभार पाहण्यासाठी येऊ लागले.

उत्तरायुष्य

संसदेत गेल्यावर चेंबरलेन १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री झाले. याच मंत्रिमंडळाच्या काळात, १८८२ मध्ये, भारतात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वायत्ततेच्या प्रश्नावरून चेंबरलेन यांनी आपला पक्ष सोडला. १८९७ मध्ये कामावर जखमी होणाऱ्या मजुरांना भरपाई देणारा कायदा झाला, त्यामागे त्यांचा आग्रह होता. बर्मिंगहॅम विद्यापीठाला १९०० मध्ये सनद मिळाली आणि ते त्याचे पहिले कुलपती झाले.

मात्र १८९५ ते १९०३ या काळातील त्यांचे वसाहतमंत्रिपद वेगळ्या कारणाने स्मरणात राहिले. १८९९ मध्ये सुरू झालेल्या बोअर युद्धाच्या जबाबदारीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या युद्धात बोअर स्त्रिया-मुलांना आणि आफ्रिकी लोकांना छावण्यांत कोंडले गेले, आणि तेथे रोगराईने हजारो जीव गेले. बर्मिंगहॅमच्या वाड्यांतील बालमृत्यूंनी व्यथित झालेल्या पिढीचा नेता साम्राज्याच्या मोहात दूरच्या मुलांबाबत कठोर झाला. शेजारी कोण, हा प्रश्न नियमशास्त्राच्या पंडिताने प्रभूला विचारला होता. चेंबरलेन यांनी आपल्या शहराच्या हद्दीत त्याचे उत्तर उत्तम दिले. हद्दीबाहेर ते त्यांना देता आले नाही.

जुलै १९०६ मध्ये त्यांचा सत्तरावा वाढदिवस बर्मिंगहॅमने मोठ्या थाटात साजरा केला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना पक्षाघात झाला. पुढील आठ वर्षे पराधीन अवस्थेत काढून २ जुलै १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा सन्मान देऊ केला गेला होता; कुटुंबाने तो नाकारला. बर्मिंगहॅमच्या की हिल दफनभूमीत, हॅरिएट आणि फ्लॉरेन्स यांच्याच कबरीत त्यांना ठेवण्यात आले. थोरले पुत्र ऑस्टिन यांना १९२५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. धाकटे नेव्हिल हे १९१५ मध्ये वडिलांप्रमाणेच बर्मिंगहॅमचे महापौर झाले, आणि कामगारांच्या बचतीसाठी नगरपालिकेची बँक त्यांनी पुढच्याच वर्षी सुरू केली.

आपल्यासाठी

ज्या नगरपालिकेने एकेकाळी जगाला कारभाराचा धडा दिला, तिनेच सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या जबाबदाऱ्या पार पाडण्याइतका पैसा आपल्याजवळ नाही, असे कायद्यानुसार जाहीर केले. त्यानंतर सेवांमध्ये कपात झाली आणि नागरिकांवरील कर वाढला. एका पिढीने मिळवलेले सुशासन पुढच्या पिढीला आपोआप वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीतून पुन्हा माणसे उभी राहावी लागतात.

ती माणसे कोठून येणार? पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना 'शालोम' या इब्री शब्दापाशी नेहमी थांबावे लागते. शांती हा त्याचा रूढ अर्थ. परंतु आरोग्य, सुरक्षितता, भरभराट, परस्परांतील नीट संबंध हे सारे त्यात सामावलेले आहे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना पत्र पाठवले, त्यात परक्या नगराचा हाच शालोम शोधण्यास व त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. त्या नगरात देवाचे लोक संख्येने थोडे होते आणि सत्ता त्यांच्या हाती नव्हती. तरी त्यांना अलिप्त राहण्याची मुभा दिलेली नाही.

भारतात आपणही थोडेच आहोत. दिल्ली, कोलकाता, बंगळूर, इंदूर किंवा नागपूर, कोठेही राहत असलो तरी मोठ्या सत्तास्थानांत आपला आवाज क्षीण वाटतो. परंतु १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेचा आधार दिला आहे आणि स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या आहेत. प्रभाग ही अशी जागा आहे, जेथे एका मंडळीतील वीस-पंचवीस जागरूक कुटुंबेही उपयोगी पडू शकतात. आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, अंदाजपत्रकात आपल्या वस्तीसाठी काय आहे, शेजारच्या झोपडपट्टीत पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, पालिकेच्या शाळेत शिक्षक आहेत काय, या गोष्टी ठाऊक असणे हेही शेजारप्रीतीचेच अंग आहे. आणि जेथे रस्ता रुंद करण्यासाठी घरे पाडली जातात, तेथे त्या घरातील माणसे कोठे गेली, हे विचारणारा कोणीतरी मंडळीतून निघाला पाहिजे.

त्याचबरोबर चेंबरलेन यांच्या घरातील त्या १८७५ सालाचीही आठवण ठेवावी. ज्यांना आपण समाजकार्यासाठी पुढे करतो, ती माणसे कामाच्या ओझ्याखाली आणि दुःखात एकटी पडतात. सत्कार करायला पुष्कळ जण येतात. शोकाच्या रात्री शेजारी बसायला, प्रार्थना सुचत नाही तेव्हा त्यांच्या वतीने प्रार्थना करायला फार थोडे येतात. डेल यांनी प्रायश्चित्ताची शिकवण आणि नगरसेवा या दोन्ही गोष्टी एकाच उपदेशपीठावरून सांगितल्या. आपल्या मंडळ्यांतही त्या एकत्र नांदाव्यात. येत्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्याबरोबर आपल्या प्रभागाचा नगरसेवक, पाणीखात्यातील अभियंता आणि पहाटे रस्ता झाडणारे कामगार यांचीही नावे घेतली जावीत, आणि सोमवारी कोणीतरी त्यांची भेटही घ्यावी.